हिरव्या साडीतल्या बाई

मी माझ्या सख्ख्या आईला भर हॉलमध्ये, माइकवरून, इंग्रजीत सांगितलं, "हिरव्या साडीतल्या बाई, जरा हळू." हॉलमध्ये साडी एकच होती. बाकी सगळे फुलाफुलांचे स्कर्ट, लोकरीचे स्वेटर आणि चौकड्यांचे शर्ट. त्यामुळे मी कुणाला उद्देशून बोललो याबद्दल कुणालाच शंका राहिली नाही, आणि त्या बाई माझ्या कोण लागतात हेही तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनी तळलेले शंकरपाळे सगळ्यांच्या खिशात होते.

तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांचा होतो आणि मला बहुतेक सगळं येत होतं. आता पन्नाशी कधीच मागे पडली, आणि एका डाव्या गुडघ्याखेरीज कशाबद्दलच मला ठामपणे काही सांगता येत नाही. पण तो हॉल, ती घासून गुळगुळीत झालेली लाकडी जमीन, खिडक्यांतून तिरपं येणारं संध्याकाळचं ऊन आणि त्या उन्हात गरगर फिरणारा तो हिरवा रंग, एवढं मात्र डोळे मिटले की अजून जागच्या जागी असतं. म्हणून चूक आधीच सांगून टाकली. आता निवांत मागे जाता येईल.

न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये, आमचं घर एका चढावर होतं. घराने टेकडीला धरलंय की टेकडीने घराला, हे वाऱ्याच्या दिवशी सांगता यायचं नाही, आणि तिथे बिनवाऱ्याचा दिवस असा नसायचाच. बाबा सरकारी खात्यात इंजिनिअर. इमारती भूकंपात उभ्या राहतील का, हे बघायचं त्यांचं काम, आणि ते काम ते सगळीकडे बरोबर घेऊन फिरायचे. कुणाकडे जेवायला गेलो की यजमानांना 'किया ओरा', म्हणजे तिथला नमस्कार, म्हणायच्या आधी बाबा त्यांच्या भिंतीवर टकटक करून बघायचे. आमचं घर त्यांच्या मते बरं होतं. लाकडी आहे, हलेल पण पडणार नाही, असं ते म्हणायचे. आणि ते हलायचंच. रात्रभर कुठेतरी एखादी फळी कुरकुरायची, खिडकीची काच चौकटीत थरथरायची, आणि सकाळी त्या सगळ्यावर कुकरची शिट्टी चढली की मला कसं अगदी सुरक्षित वाटायचं.

आई माहेरची ठाण्याची. तिथे बँकेत काउंटरवर बसायची आणि रांगेतल्या माणसाला चष्म्यावरून अशी बघायची की तो सही दोनदा तपासून द्यायचा. इथे आल्यावर मात्र ती पहिल्यांदा गप्प झाली. इंग्रजी तिला येत नव्हतं असं नाही, पण इथल्या माणसांचं बोलणं तिच्या कानाला लागेपर्यंत ती माणसं पुढे निघून गेलेली असायची. फोन वाजला की ती पोळी लाटता लाटता थांबायची आणि फोनकडे, दारात भलताच पाहुणा उभा असावा तसं बघत राहायची. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेली तर सुटे पैसे आधीच मुठीत धरून जायची, म्हणजे बोलावं लागणार नाही. मला हे सगळं दिसत होतं. दिसून मी काय केलं, तर कॉलेजात जाऊन 'हीप्स' आणि 'स्वीट अ‍ॅज' असे तिथल्या पोरांचे शब्द उचलून आणले आणि घरात दोन्ही हातांनी उधळले.

स्वयंपाकघरात मात्र तिचं राज्य शाबूत होतं. अळू मिळत नाही म्हटल्यावर तिने सिल्व्हरबीट नावाच्या तिथल्या पालेभाजीची पानं उलटसुलट करून बघितली, शिरा कापल्या, बेसन थापलं, आणि त्या वड्या अशा जमल्या की बाबा पुढे भारतात गेले तेव्हा अळूच्या वड्यांना "ठीक आहेत" म्हणाले आणि आत्याने त्यांच्याशी जेवण होईपर्यंत बोलणं टाकलं. तर अशाच एका शनिवारी वड्या उकडत होत्या, दक्षिणेचा वारा सुटला होता, आणि त्या वाऱ्यावर टेकडीच्या खालून एक आवाज तुटत तुटत वर आला. अकॉर्डियन. मग व्हायोलिन. मधेच माणसांच्या पायांचा आवाज, एका वेळी खूप पाय. आई पोळ्या लाटत होती. मी बघितलं, तर तिचं लाटणं त्या तालावर चाललं होतं. तिच्या ते लक्षात आलं तशी ती थांबली, गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चला रे, काय चाललंय बघून येऊ." इथे आल्यापासून ती आपणहून उंबऱ्याबाहेर निघाली अशी ती पहिली वेळ.

खाली रस्त्याला लागून एक जुना हॉल होता आणि तिथे शनिवारी दुपारी लोक बार्न डान्स करायचे. आपल्याकडच्यांना सांगायचं तर हा स्कॉटिश-आयरिश वळणाचा समूहनाच. जोड्या समोरासमोर रांगेत उभ्या राहतात, कधी गोल करतात, कधी कमानीखालून जातात, आणि कुणालाही आधीपासून काही पाठ नसतं, कारण स्टेजवर उभा राहून एकजण पुढची चाल सांगत असतो. 'उजवे हात द्या, फिरा, पुढच्या जोडीकडे जा.' त्याला म्हणतात कॉलर. बाबांना हा शब्द कळल्यापासून मी स्टेजवर चढलो की ते माझ्या शर्टाची कॉलर ताठ करून द्यायचे. तेवढा एक विनोद त्यांना वर्षानुवर्षं पुरला.

त्या हॉलची कॉलर होती डोरीन. सत्तरीची, बारीक चणीची, पायात जाड लोकरीचे मोजे. ती फार बोलायचीच नाही. एखादा शब्द टाकायची, तोही चाल सुरू व्हायच्या जरासा आधी, आणि माणसं पाण्यासारखी वळायची. आम्ही दारात उभे होतो तर तिने नुसती मान हलवली, आणि ग्रॅहम नावाचे उंचेपुरे आजोबा आमच्याकडे आले. यांचं आयुष्य दोन बेटांच्या मधल्या फेरीबोटीवर गेलेलं. चालताना अजून जमीन डुलत असल्यासारखे पाय टाकायचे. त्यांनी आईपुढे हात केला. आई बाबांकडे बघायला लागली. बाबा वर छताच्या तुळया बघत होते. "जा की," ते वरच बघत म्हणाले, "तुळया चांगल्या आहेत."

आता इथे एक सांगायला हवं. आई ठाण्याला मंगळागौरीच्या खेळांत नावाजलेली होती. श्रावणात तिला बोलावणी यायची, आणि तिच्याशी फुगडी खेळायची म्हटलं की नव्या नवऱ्या आधी बांगड्या काढून ठेवायच्या. बार्न डान्समध्ये जोडीदाराबरोबर जागच्या जागी फिरायची एक चाल असते. लोक कोपरात कोपर अडकवून सभ्यपणे एक-दोन फेरे घेतात आणि सोडतात. डोरीनने 'जोडीदाराबरोबर फिरा' म्हटलं आणि आईने काय ऐकलं कोण जाणे. तिने ग्रॅहमचे दोन्ही हात धरले, फुली मारली, पायाला पाय जुळवले, मागे झुकली, आणि सुरू. तोंडाने फू फू असा ताल. ग्रॅहम आधी घाबरले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की मी अजून विसरलो नाही. नंतर चहा पिताना ते आईला म्हणाले, "रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा पायाखालची जमीन हलली." आई हसली आणि तिने त्यांना इंग्रजीत उत्तर दिलं. चांगलं तीन-चार वाक्यांचं. मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो.

त्यानंतर शनिवार म्हणजे हॉल, हे ठरूनच गेलं. आई डबाभर शंकरपाळे न्यायची, ती माणसं ते चीजबरोबर खायची, आणि आईने याबद्दल त्यांना कधी एक अक्षर बोलून दाखवलं नाही, यावरून तिचं त्या लोकांवर किती प्रेम होतं ते समजावं. हळूहळू तिची फुगडी पसरली. आधी ग्रॅहम, मग दोन नर्सा, मग एक पोस्टमन. डोरीन वरून बघायची आणि गालातल्या गालात हसायची.

मी ठाण्याला शाळेच्या लेझीम पथकाचा पुढारी होतो. तोंडात शिट्टी, गळ्यात लाल दोरी, आणि माझ्या एका इशाऱ्यावर शंभरेक पोरं एकदम वाकायची. ज्याने हे सुख कोवळ्या वयात भोगलंय तो माणूस पुढे जन्मभर धोकादायक राहतो. डोरीनचा घसा त्या हिवाळ्यात बसला. माझा आवाज खणखणीत आहे हे तिने ऐकलं होतं, म्हणून तिने मला जवळ उभं करून चाली शिकवल्या आणि महिन्याभरात माइक माझ्या हातात दिला. तिला वाटलं, पोरगा चाली सांगेल. चाली मी सांगितल्याच. पण माझ्या ध्यानात आलं की या लोकांच्या सवयी वाईट आहेत.

कुणी बुटांकडे बघत नाचतं. मी सांगितलं, बुटांकडे नको, जोडीदाराच्या डोळ्यांत बघा. कुणी जँडल्स घालून यायचं, म्हणजे आपल्या स्लिपर. मी म्हटलं, पायात काहीतरी बरं घाला. काही नवरा-बायको फक्त एकमेकांबरोबरच नाचायचे. मी म्हटलं, दर नाचाला जोडीदार बदला, नवीन माणसाला विचारा, लाजू नका. टाळ्या एकदाच. गप्पा चहाच्या वेळी. हात हलके धरा, ओढू नका. आणि हो, हसा! हसा असंसुद्धा मी माइकवरून सांगायचो, आणि मग कोण हसत नाही ते बघायचो. न्यूझीलंडची माणसं तक्रार करत नाहीत. ती तुम्हाला 'गुड ऑन यू' म्हणतात आणि चहाच्या टेबलाकडे जातात. दर शनिवारी चहाची रांग लांबत चालली होती. मी समजत होतो, माझ्या कॉलिंगमध्ये एवढी मेहनत आहे की लोकांना तहान लागते.

(आता मी ऑकलंडला असतो, आणि अजून अधूनमधून कॉलिंग करतो. तिथे आम्हा कॉलर लोकांच्या बैठकीत हेच वाद असतात. उगीच गिरक्या घेणाऱ्याला टोकावं का? नेहमीच्या जोड्या मोडाव्यात का? पुरुष आणि बायका असं म्हणावं, की त्याला दुसरे शब्द असावेत? एकेकजण तावातावाने बोलतो. माझं मत विचारलं की मी उठून कप विसळायला लागतो. गेल्या वेळी तर सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून येताना आणलेला चिवडा सगळ्यांपुढे फिरवला. तोंडात चिवडा असला की माणसाला नियम करता येत नाहीत.)

तर तो शनिवार. वसंत नुकता लागला होता, ऊन लांबलं होतं, आणि माझी चाल अशी सुरेख बसली होती की वरून बघताना मला रांगोळी काढल्यासारखं वाटत होतं. चार कोपऱ्यांतून चार जोड्या निघतात, मधोमध भेटतात, उमलतात, परत जातात. फक्त एका ठिपक्यात गडबड होती. आई आणि ग्रॅहम फिरायला लागले की वेळेत थांबायचेच नाहीत. ते उशिरा सुटायचे, पुढची जोडी त्यांच्यासाठी खोळंबायची, आणि माझी रांगोळी तिथेच फिसकटायची. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. ग्रॅहमचा एक खांदाही दुखरा होता, हे मी स्वतःच्या बाजूने सांगतो. तिसऱ्यांदा त्यांची फिरकी बाजूच्या जोडीवर जवळजवळ आदळलीच, आणि मी ते वाक्य बोललो.

'आई' असं का म्हणालो नाही? मी पुष्कळ विचार केलाय. माइक हातात आला की माझं कुणी उरायचंच नाही. विमानतळावर उद्घोषणा करणाऱ्या बाईला घरी भाऊ असेल, ती त्याच्याशी भांडत असेल, असं आपल्याला कधी वाटतं का? मलाही तसंच व्हायचं होतं. बिनआईचा, स्वच्छ, वरून येणारा आवाज.

आई थांबली. ग्रॅहमचे हात तिने सोडले, त्यांना नमस्कार केला, अगदी देवळात करतात तसा, आणि उरलेला नाच तिने इतका बिनचूक केला की बघवेना. कोपरात कोपर. एक फेरा. सोडलं. डोळे जोडीदाराच्या डोळ्यांत. टाळी एकदाच. हसली सुद्धा, कारण मी तेही सांगून ठेवलं होतं. नाच संपल्यावर ती बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि मग उठलीच नाही. घरी जाताना पायऱ्या चढताना शंकरपाळ्यांचा डबा तिच्या हातात वाजत होता. तेवढाच आवाज.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. ताट समोर, ताटात काही नाही. आई ओट्याशी हाताची घडी घालून उभी.

"आई, वाढ ना."

"साहेब, आधी काय वाढू? भात का पोळी? डावीकडून येऊ की उजवीकडून?"

"आई, काय हे!"

"नाही, आमच्या सवयी वाईट आहेत. सांगाल तसं."

बाबांनी ताट पुढे केलं. "मला उजवीकडून," ते म्हणाले, "आणि डोळ्यांत बघून." दोघं खो खो हसली आणि मी उठून आपलं आपण वाढून घेतलं. हे सगळा आठवडा चाललं. मी सांगितल्याशिवाय चहात साखर पडेना. "साहेब, ढवळू? किती फेरे?" मी शेवटी काकुळतीला येऊन म्हटलं, "आई, सॉरी. चुकलं माझं. खरंच."

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कशाला सॉरी? तू त्या हिरव्या साडीतल्या बाईंना बोललास. भेटल्या तर निरोप देईन."

"शनिवारी येणार ना तू?"

"माझं काय, मी घरीच असते. त्या बाईंचं काही सांगता येत नाही."

त्या बाई आल्या नाहीत. पुढच्या शनिवारीही नाही. हिरवी साडी घडी करून कपाटात वरच्या खणात गेली. घरात विनोद चालूच होते, पण एक दिवस फोन वाजला आणि मी बघितलं, आई पुन्हा त्याच्याकडे तशीच बघत उभी होती. लाटणं हातात, पीठ सुकत चाललेलं. तेव्हा मात्र मला कळलं. मी तिला नुसतं एका खेळातून उठवलं नव्हतं. या देशात जिथे तिला बोलता येत होतं अशी एकच जागा होती, आणि त्या जागेला मी माइकवरून कुलूप लावलं होतं.

हॉलमध्ये माझी रांगोळी आता निर्दोष निघत होती. कुणी उशिरा सुटत नव्हतं. कुणी हसतही नव्हतं. ग्रॅहम खुर्चीवर बसून खांदा चोळायचे. "तुझी आई बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जरा कामात आहे. "हं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे, ढग बघून वाऱ्याचा अंदाज घ्यावा तसं बघितलं.

डोरीनने मला चहाच्या कपबशा धुताना गाठलं. हातात फडकं, आवाज अजून बसलेलाच. म्हणाली, "पुढे कुठे वळायचं ते कॉलरने सांगावं. वळल्यावर माणसं कशी दिसतात, ते आपलं खातं नाही."

मी म्हटलं, "पण कुणाला लागलं असतं तर? ग्रॅहमचा खांदा…"

"खरं आहे," ती म्हणाली. मला वाटलं जिंकलो. "इथे एकजण यायचा, हात असा हिसडायचा की बायकांना दुसऱ्या दिवशी हात वर करता यायचा नाही. मी माइकवरून त्याला काही सांगितलं नाही. माइक ठेवला, खाली उतरले, आणि त्याच्याबरोबर नाचले. पुढच्या शनिवारीही नाचले. त्याच्या हाताला कळलं. माइकवरून बोललं की माणसाला फक्त लाज कळते." तिने शेवटची बशी पुसून माझ्या हातात दिली. "तुझी आई घरी केव्हा असते?"

ती आली एका दुपारी, झाडावरची लिंबं कागदी पिशवीत घेऊन. आईने वड्या तळल्या. डोरीनने एक खाल्ली, मग न विचारता दुसरी घेतली, आणि त्या क्षणी आईच्या कपाळावरची आठी निम्मी गेली. मग डोरीन म्हणाली, "तुमचं ते फिरणं मला शिकवा." आईने पदर खोचला. मी मधलं टेबल उचलून बाजूला ठेवलं. बाबांनी आपणहून जाऊन काचेचं कपाट दोन्ही हातांनी धरलं. बाहेर वारा होता, आत त्या दोघी. एक सत्तरीची, लोकरीच्या मोज्यांत घसरत, आणि एक माझी आई, मागे झुकलेली, वेणी आडवी तरंगत. घर पायापासून थरथरायला लागलं. कपाटातल्या वाट्या किणकिणत होत्या. खिडकीतून दूरवर बंदराचं पाणी दिसत होतं, त्यावर उन्हाचे तुकडे, आणि या दोघी थांबल्या तर ते पाणीही थांबेल असं मला उगीच वाटत होतं. बाबा कपाट धरून पुटपुटले, "हलेल. पडणार नाही."

डोरीन धापा टाकत सोफ्यावर बसली. "सुंदर," ती म्हणाली. "फक्त सुरांच्या ओळीत मावत नाही."

"मग त्यात काय," आई म्हणाली. "ओळ संपायच्या आत सोडायचं. हळू फिरून काय होणार? हळू फिरलं तर फुगडी पडते. मला विचारलं असतं तर तेव्हाच बसवून दिली असती." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "विचारलं कुणी?"

शनिवारी मी लवकर जाऊन स्टेजवर उभा राहिलो. लोक जमले, अकॉर्डियनवाल्याने पट्टा खांद्यावर घेतला, तरी दारात कुणी नाही. मी पहिला नाच सांगितला, दुसरा सांगितला, माझं अर्धं लक्ष दाराकडे. तिसऱ्याच्या आधी दार उघडलं, वारा आत आला, पाठोपाठ बाबा, आणि बाबांच्या मागे आई. जांभळी साडी. ती सरळ स्टेजपाशी आली आणि खालून मला म्हणाली, "त्या बाईंना वेळ नव्हता. मी आलेय. चालेल का?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात डोरीनने माझ्या हातातून माइक काढून घेतला. घसा खरवडत ती एवढंच म्हणाली, "खाली उतर."

मी उतरलो. सगळ्यांना जोडीदार होते. ग्रॅहमसुद्धा कुणाचातरी हात धरून उभे होते, आणि अजिबात माझ्याकडे बघत नव्हते. उरलो मी आणि आई. मुलगे फुगडी खेळत नाहीत. मी आयुष्यात कधी खेळलो नव्हतो, नुसती बघितली होती, तीही खिडकीतून, दुसऱ्याच्या घरची, प्रसादाची वाट बघत. आईने माझे हात धरून फुली मारली. तिचे तळवे कोरडे आणि गरम होते. "पायाला पाय लाव," ती म्हणाली, "आणि मागे पड. मी धरलंय."

वरून डोरीनचा शब्द आला, आणि आम्ही फिरलो.

मला वाटलं होतं, फिरणाऱ्याला गरगरतं आणि बघणाऱ्याला गंमत वाटते. तसं नसतं. आधी खिडक्या गेल्या. मग ऊन आणि भिंत एकमेकांत मिसळली, माणसांचे चेहरे लांब ओढले गेले, रंगीत स्कर्ट, चहाचं टेबल, तुळयांकडे बघणारे बाबा, सगळ्यांचा एकच पट्टा झाला आणि तो आमच्याभोवती फिरायला लागला. त्या सगळ्यात फक्त एक गोष्ट जागच्या जागी होती. आईचा चेहरा. कपाळावरची टिकली, विस्कटलेले केस, आणि ते डोळे, बँकेत काउंटरवर असायचे तसे. बाकी सगळं जग पातळ होऊन वाहत होतं आणि ती तेवढी स्थिर. मी स्टेजवरून 'डोळ्यांत बघा' म्हणायचो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसरं काही बघता येतच नाही.

मग माझा घोटा मुरगळल्यासारखा झाला, आणि मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत ओरडलो, "आई, हळू! आई, हळू ना गं!"

"थांब," ती म्हणाली, "ओळ संपू दे."

ओळ संपली आणि तिने मला सोडलं. अगदी वेळेत, सुरावर, जराही उशीर नाही. चूक तिची नव्हती. सोडल्यावर उभं राहायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाठीमागे तसाच गेलो, दोन नर्सांच्या मधून, पोस्टमनच्या पायावरून, आणि घडी करून रचून ठेवलेल्या खुर्च्यांवर जाऊन आदळलो. सगळ्या खुर्च्या एकामागून एक, सावकाश, खूप वेळ पडत राहिल्या. अकॉर्डियन थांबलं. बाबांची नजर तुळयांवरून खाली आली. त्यांनी मी जिवंत आहे की नाही ते बघितलं आणि मग भिंतीला काही झालं नाही ना, ते बघायला गेले.

ग्रॅहम आले आणि त्यांनी मला बखोटीला धरून उभं केलं. "काय ओरडत होता तो?" त्यांनी आईला विचारलं.

"मला हाक मारत होता," आई इंग्रजीत म्हणाली. तिने जांभळा पदर पुन्हा खोचला, ग्रॅहमचे दोन्ही हात फुली मारून धरले, आणि स्टेजकडे बघून, एकही शब्द न अडखळता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"डोरीन, त्याला वरच ठेवा. खाली अडचण होते."